सांतोस, फर्नांडो

सांतोस, फर्नांडो : (१० ऑक्टोबर १९५४ – ). पोर्तुगीज फुटबॉल प्रशिक्षक. पोर्तुगालच्या पुरुष संघाला पहिला मोठा चषक, म्हणजे २०१६ ची युरो (युरोपीय राष्ट्रीय संघांची) स्पर्धा, त्यांच्या हाताखाली मिळाला. प्रतिस्पर्ध्याला गोल करू न देणे ही त्यांच्या खेळाची पहिली अट. जिंकण्याचा विचार त्यानंतरचा. त्यांचे कौतुक याच गोष्टीसाठी झाले आणि टीकाही याच गोष्टीवर झाली.

जन्म लिस्बनचा. शिक्षणाने ते इलेक्ट्रिकल आणि दूरसंचार शाखेचे अभियंते. एस्तोरिल व मारीतिमो या क्लबांकडून ते बचावफळीत खेळले, पण नाव व्हावे असा तो खेळ नव्हता. पोट चालत होते ते एस्तोरिलच्या पालासिओ हॉटेलातील देखभाल विभागाच्या नोकरीवर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते एस्तोरिलचे प्रशिक्षक झाले आणि १९९१ मध्ये त्यांनी हा क्लब वरच्या विभागात नेला. पुढे एश्त्रेला द अमादोरा या लहान क्लबात चार वर्षे काढल्यावर १९९८ मध्ये त्यांना पोर्तोचे बोलावणे आले.

पोर्तोने त्याआधी सलग चार लीग विजेतेपदे मिळवली होती. म्हणजे मिळवण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे पुष्कळ. ब्राझीलच्या मारिओ जार्देलने त्या हंगामात ३६ गोल केले, पाचवे विजेतेपदही आले आणि सांतोसना ‘पेंटाचे इंजिनिअर’ हे बिरुद कायमचे चिकटले. ‘पेंटा’ म्हणजे सलग पाच. पुढल्या दोन वर्षांत लीग हातची गेली; पोर्तुगीज चषक मात्र दोन्ही वर्षी मिळाला. नंतर ते स्पोर्टिंग (२००३-०४) आणि बेन्फिका (२००६-०७) यांचेही प्रशिक्षक झाले. पोर्तुगालच्या तिन्ही बड्या क्लबांची सूत्रे सांभाळलेली माणसे मोजकीच आहेत. त्यांत त्यांचे नाव असले तरी लिस्बनच्या या दोन्ही क्लबांत त्यांच्या हाती एकही चषक लागला नाही. बेन्फिकाने तर नव्या हंगामाच्या पहिल्याच लीग सामन्यानंतर त्यांना नारळ दिला.

त्यांना खरा मान मिळाला तो ग्रीसमध्ये. एईके अथेन्सला त्यांनी २००२ चा ग्रीक चषक मिळवून दिला आणि सालोनिकाच्या पाओक क्लबाला २०१० मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेले. त्याच वर्षी ओटो रेहागेल यांच्या जागी ते ग्रीसचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. याच ग्रीसने २००४ मध्ये लिस्बनमधल्या अंतिम सामन्यात पोर्तुगालला १-० ने हरवून युरो जिंकला होता, तोही बचावाच्या जोरावर. सांतोसनी तो धागा तुटू दिला नाही. त्यांच्या हाताखाली ग्रीस पहिल्या १७ सामन्यांत हरला नाही आणि २०१२ च्या युरोत उपांत्यपूर्व फेरीत गेला. २०१४ च्या विश्वचषकात ग्रीसने प्रथमच बाद फेरी गाठली. तिथे कोस्टा रिकाविरुद्ध जादा वेळ संपली आणि पेनल्टी शूटआउट सुरू होण्याआधीच पंचांशी वाद घातल्याबद्दल सांतोसना बाहेर काढण्यात आले. ग्रीस हरला आणि त्यांच्यावर ८ सामन्यांची बंदी आली. क्रीडा लवादाने ती पुढे कमी केली.

सप्टेंबर २०१४ मध्ये पोर्तुगाल घरच्या मैदानावर अल्बेनियाकडून हरल्यामुळे प्रशिक्षक पाउलो बेंतो यांचे पद गेले आणि संघाची सूत्रे सांतोसकडे आली. युरो २०१६ च्या पात्रता फेरीचे उरलेले सातही सामने पोर्तुगालने जिंकले आणि प्रत्येक सामन्यात फरक होता फक्त एका गोलचा! सांतोस यांची सगळी पद्धत या एका आकडेवारीत मावते.

फ्रान्समधल्या २०१६ च्या युरोत त्याच पद्धतीची कसोटी लागली. आइसलँडशी १-१, ऑस्ट्रियाशी ०-०, हंगेरीशी तीनदा मागे पडून ३-३. गटातील एकही सामना न जिंकता संघ तिसरा आला. त्या वर्षी स्पर्धेत प्रथमच २४ संघ होते आणि तिसऱ्या क्रमांकाच्या चार संघांनाही पुढची वाट खुली होती, म्हणून निभावले. गटफेरी चालू असतानाच सांतोसनी जाहीर केले होते, की आपण ११ जुलैलाच घरी परतणार असे घरच्यांना कळवून ठेवले आहे. अंतिम सामना १० जुलैला होता. बरोबऱ्यांमागून बरोबऱ्या करणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाच्या तोंडी हे तेव्हा हास्यास्पद वाटले.

क्रोएशियाविरुद्ध ११७ व्या मिनिटापर्यंत दोन्ही संघांचा मिळून एकही फटका गोलच्या रोखाने गेला नव्हता. मग पोर्तुगालच्या क्वारेज्माने एकमेव गोल केला. पोलंडला शूटआउटमध्ये हरवले. ९० मिनिटांत जिंकलेला सामना अख्ख्या स्पर्धेत एकच, उपांत्य फेरीत वेल्सविरुद्धचा. चार बाद सामन्यांत मिळून पोर्तुगालने एकच गोल खाल्ला.

फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या रात्री पॅरिसजवळच्या साँ-दनीच्या मैदानावर पतंगांचे (किड्यांचे) थवे उतरले होते. फ्रान्सच्या दिमित्री पायेतशी टक्कर होऊन गुडघा दुखावलेला रोनाल्डो गवतावर बसला असताना एक पतंग त्याच्या चेहऱ्यावर येऊन बसला. २५ व्या मिनिटाला त्याला स्ट्रेचरवरून नेले आणि कर्णधाराची पट्टी नानीच्या दंडावर गेली. रोनाल्डोभोवती उभ्या केलेल्या संघाला एव्हाना खचायला हवे होते. पण गोल न खाणे हे काम रोनाल्डोचे नव्हतेच, ते पेपे, फोन्त आणि गोलरक्षक रुई पात्रिसिओ यांचे होते. ७९ व्या मिनिटाला सांतोसनी एडेरला उतरवले. स्वॉन्सी या क्लबाकडून एकही गोल न करता परतलेला हा स्ट्रायकर संघात कशाला, असे पोर्तुगीज लोकच विचारत होते. जादा वेळेत, १०९ व्या मिनिटाला, त्याने २५ मीटरच्या आसपासून जमिनीलगत फटका मारला आणि चेंडू कोपऱ्यातून जाळ्यात गेला. पायाला पट्टी बांधलेला रोनाल्डो तोवर मैदानाच्या कडेला लंगडत सांतोसशेजारी उभा राहून ओरडू लागला होता. प्रशिक्षक नेमका कोण, असा प्रश्न पडावा. भारतात त्या वेळी ११ जुलैची पहाट व्हायला आली होती. विजयानंतर श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या सांतोसनी पत्रकारांपुढे आधीच लिहून ठेवलेले आभाराचे पत्र वाचून दाखवले.

२०१९ मध्ये पोर्तोत नेदरलँड्सला १-० ने हरवून पहिल्या नेशन्स लीगचे (युरोपीय राष्ट्रीय संघांच्या आणखी एका स्पर्धेचे) विजेतेपदही मिळाले. मात्र ब्रुनो फर्नांडिस, बेर्नार्दो सिल्वा अशी पिढी हाताशी आल्यावर तीच सावधगिरी लोकांना खुपू लागली. एवढे गुणी खेळाडू असताना इतके जपून का खेळायचे, ही तक्रार रास्तच होती. २०१८ च्या विश्वचषकात उरुग्वेकडून आणि पुढच्या युरोत बेल्जियमकडून पोर्तुगाल पहिल्याच बाद सामन्यात हरला. २०२२ च्या विश्वचषकात सांतोसनी रोनाल्डोला स्वित्झर्लंडविरुद्ध बाकावर बसवले. त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसने हॅटट्रिक केली आणि निकाल लागला ६-१. पुढच्या सामन्यात मोरोक्कोने पोर्तुगालला १-० ने घरी पाठवले आणि पाच दिवसांत सांतोसही पदावरून गेले. पोर्तुगालसाठी त्यांनी १०९ सामने प्रशिक्षकपद सांभाळले. एवढे दुसऱ्या कोणी सांभाळलेले नाही.

त्यानंतरची वाट उताराची. २०२३ मध्ये पोलंडने त्यांना नेमले. मोल्डोव्हाविरुद्ध २-० ची आघाडी असताना संघ ३-२ ने हरला आणि सहा सामन्यांनंतर त्यांना निरोप मिळाला. तुर्कस्तानच्या बेशिक्ताश क्लबात ते जेमतेम तीन महिने टिकले. २०२४ मध्ये त्यांनी अझरबैजानचा संघ हाती घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो संघ आइसलँडकडून ५-० ने हरला आणि तेही पद गेले. युरो २०१६ मधली पहिली बरोबरी याच आइसलँडशी झाली होती.