ऑर्थोडॉन्टिक उपचारांचा कालावधी

वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा गर्दी झालेले दात तारांनी जागेवर आणण्यास लागणारा काळ. ब्रॅकेट (तार धरण्यासाठी दातावर चिकटवलेले छोटे तुकडे) चिकटवल्यापासून ते काढेपर्यंतचा काळ यात धरतात, नंतरचा रिटेनरचा (सरळ झालेले दात जागेवर राखणाऱ्या साधनाचा) काळ धरत नाहीत. संपूर्ण स्थिर (दातांवर चिकटवलेल्या तारांच्या) उपचारांना साधारण दीड ते अडीच वर्षे लागतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात सरासरी सुमारे २० महिने आढळली. त्यात समाविष्ट अभ्यासांच्या सरासरी मात्र १४ ते ३३ महिन्यांपर्यंत पसरलेल्या होत्या. त्यामुळे रुग्णाला एकच आकडा सांगण्यापेक्षा पल्ला सांगणे योग्य.

जैविक मर्यादा. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि दंतखाचेचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतुमय परिदंत बंध असतो. दाब पडलेल्या बाजूला अस्थिभक्षी पेशी हाड झिजवतात, ताण पडलेल्या बाजूला अस्थिकर पेशी नवे हाड रचतात, आणि दात सरकतो. ही घडण कशामुळे सुरू होते, याबद्दल मात्र शंभराहून अधिक वर्षे मतभेद आहेत. अमेरिकेतील फारर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाड वाकते म्हणून दात हलतो, असे मांडले. स्वीडनमधील सँडस्टेट यांनी १९०४–०५ च्या सुमारास कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाब-ताण सिद्धांताचा पाया घातला. जोर जास्त झाल्यास दाबलेल्या भागातील पेशी मरून तो भाग काचाभ (काचेसारखा, पेशीविरहित) दिसू लागतो, हेही त्यांनी दाखवले. ओपेनहाइम यांच्या १९११ च्या निरीक्षणांत हे चित्र जुळले नाही. त्यांच्या मते सभोवतालचे सारे हाड नव्याने रचले जाते. श्वार्त्स यांनी १९३२ मध्ये जोराची योग्य मर्यादा केशवाहिन्यांतील रक्तदाबाशी जोडून ती दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम अशी ठरवली. पुढे १९६९ मध्ये बाउमरिंड यांनी हाड वाकण्याच्या कल्पनेला पुन्हा बळ दिले. आज पेशींमधील रासायनिक संदेशांची भर घालून दाब-ताण सिद्धांतच अधिक वापरला जातो, आणि वैद्यकीय अनुभवाशी तोच जास्त जुळतो. श्वार्त्स यांचा आकडा पाठ्यपुस्तकांत टिकून असला, तरी सर्व दातांना लागू होईल असा एकच आदर्श जोर २००३ मधील संशोधनाच्या एका आढाव्यालाही ठरवता आला नाही.

या वादाचा उपचारांच्या काळाशी थेट संबंध आहे. काचाभ झालेला भाग साफ होईपर्यंत दात जवळपास थांबतो. हा थांबा दोन-तीन आठवड्यांचा, प्रौढांत कधी त्याहून लांब असतो. म्हणून तार जास्त ताणल्याने उपचार लवकर संपत नाहीत. उलट थांबा वाढतो, वेदना वाढतात आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोकाही वाढतो. दात नुसता कलवण्यास अंदाजे ३५–६० ग्रॅम, मुळासकट सरकवण्यास ७०–१२० ग्रॅम, तर हाडात आत दाबण्यास फक्त १०–२० ग्रॅम जोर पुरतो. योग्य जोर असताना वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर पडतो.

टप्पे. सुरुवातीला ०.०१४ किंवा ०.०१६ इंची निकेल-टायटॅनियमच्या लवचीक तारेने दात एका रांगेत आणतात. त्यास चार ते सहा महिने लागतात. उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्यामधले दात) काढल्या असतील, तर ब्रॅकेटच्या ०.०२२ इंची खाचेत ०.०१९ × ०.०२५ इंची स्टीलची तार बसवून स्प्रिंगने फट मिटवतात. उपदाढेची जागा सुमारे ७ मिलिमीटर असते. तिचा काही भाग गर्दी सोडवण्यातच संपतो, उरलेल्यास सहा ते दहा महिने लागतात. शेवटचे तीन ते सहा महिने मुळांचा कल आणि चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणे) जुळवण्यात जातात. हा टप्पा रुग्णाला निरर्थक वाटतो, पण तो आखडता घेतल्यास चावा नीट बसत नाही.

काळ वाढवणारी कारणे. टाळूच्या बाजूला हाडात अडकलेला सुळा शस्त्रक्रियेने उघडा करून खेचावा लागला, तर बहुधा सहा महिने किंवा अधिक वाढतात. दात हाडाशी जुळून गेला असेल तर तो हलतच नाही, आणि त्याला आधार मानून ओढले तर शेजारचेच दात त्याच्याकडे झुकतात. खालचा जबडा मागे असलेल्या मुलांत वाढीचा जोर असतानाच ट्विन ब्लॉकसारखे (खालचा जबडा पुढे धरणारे) साधन नऊ ते बारा महिने वापरतात. ही वेळ हुकली की उपदाढा काढणे किंवा जबड्याची शस्त्रक्रिया हेच पर्याय उरू शकतात. प्रौढांत सुरुवात मंद असते, तरी एकूण काळ वयामुळेच फार वाढतो असे नाही. हिरड्यांचा सक्रिय रोग मात्र आधी आटोक्यात आणावाच लागतो. आयबुप्रोफेनसारखी औषधे दीर्घकाळ घेतल्यास हालचाल मंदावू शकते, म्हणून दुखण्यासाठी पॅरासिटामॉलला पसंती देतात. हाडांच्या ठिसूळपणावरील बिस्फॉस्फोनेट औषधांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी लागते.

रुग्णाच्या हातातील कारणे सर्वांत महाग पडतात. वरच्या-खालच्या दातांमध्ये अडकवायचे रबर जेवण सोडून जवळपास दिवसभर घालायचे असतात. फक्त रात्री घातल्यास चाव्याची दुरुस्ती रेंगाळते. पारदर्शक अलाइनर (तारांऐवजी दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे) रोज २२ तास न घातल्यास पुढचा संच बसत नाही. सुपारी, चिक्की, ऊस, भाजलेले कणीस यांनी ब्रॅकेट निघते, तो दात मागे फिरतो आणि पुन्हा लवचीक तारेपासून सुरुवात करावी लागते. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तीव्र फ्लोरोसिस (जास्त फ्लोराइडमुळे होणारा दातांचा विकार) झालेल्या दंतवल्कावर, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य थरावर, ब्रॅकेटची पकड कमी राहते.

वेग वाढवण्याचे प्रयत्न. स्वयंबंध ब्रॅकेटने (ज्यात तार ब्रॅकेटच्याच झाकणीने धरली जाते) एकूण काळ घटतो, हा दावा नियंत्रित चाचण्यांत टिकलेला नाही. कंपन देणाऱ्या साधनांचा पुरावाही दुबळा आहे. हाडावर छेद घेण्याच्या पद्धतीने वेग वाढतो, पण काही महिन्यांपुरताच.

रिटेनर. हिरडीतील कोलॅजेन तंतू चार ते सहा महिन्यांत पुन्हा बसतात, लवचीक तंतूंना एक वर्ष किंवा अधिक लागते. वळवून सरळ केलेले दात म्हणूनच आधी फिरतात. पहिले काही महिने रिटेनर बहुतेक वेळ आणि नंतर रात्री, शक्यतो अनेक वर्षे वापरण्याचा सल्ला देतात. खालच्या पुढील दातांमागे बारीक तार कायम चिकटवण्याचीही पद्धत आहे. तिचा एखादा सांधा सुटला तरी ते बाहेरून कळत नाही, म्हणून ती नियमित तपासून घ्यावी लागते.