हवापालटाचा रोग : पाचगणी, मिरज आणि क्षय

क्षय हे नाव कारणावरून पडलेलं नाही, दिसण्यावरून पडलंय. माणूस झिजत जातो, सदरा अंगात लोंबायला लागतो, गळ्याजवळची हाडं वर येतात. पुराणातला चंद्रसुद्धा सत्तावीस बायकांतल्या एकट्या रोहिणीत रमला म्हणून दक्षाचा शाप लागून असाच झिजला, आणि त्या रोगाला राजयक्ष्मा म्हणाले. रोगामागचा जंतू सापडला तो २४ मार्च १८८२ रोजी. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये तसं जाहीर केलं. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडलं असं झालं नाही. त्यासाठी आणखी साठ-बासष्ट वर्षं गेली. पाचगणीची आणि मिरजेची क्षयाच्या संदर्भातली ख्याती या मधल्या काळातली आहे.

त्या काळातले डॉक्टर काय करू पाहत होते हे कळायचं तर आधी छातीत काय घडतं ते बघावं लागतं. खोकणाऱ्याच्या तोंडातून उडालेले अगदी बारीक कण हवेत तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या फुप्फुसात पार शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या गस्तीच्या पेशी जंतूला गिळतात खऱ्या, पण तो त्यांना पचत नाही. उलट त्यांच्याच पोटात तो वाढतो, तोही अतिशय सावकाश. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास एक दिवस लागतो. मग शरीर त्याला मारण्याचा नाद सोडून कोंडायला घेतं. भोवती पेशींची भिंत चढते, गाठ बनते. लागण झालेल्या शंभरांतल्या नव्वदांहून अधिक जणांची गोष्ट इथंच थांबते. त्यांना जन्मभर पत्ताही लागत नाही.

उरलेल्या पाच-दहा जणांत ही भिंत ढासळते, कधी दोन वर्षांत, कधी म्हातारपणी. गाठीचा गाभा मऊ पनीरसारखा होतो, पातळ होऊन श्वासनलिकेत उतरतो आणि मागे पोकळी राहते. ती बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असते, कारण तिथं प्राणवायू जास्त आणि या जंतूचं त्याच्याशिवाय चालत नाही. पोकळीच्या कडेची रक्तवाहिनी फुटली की बेडक्यात रक्त दिसतं. संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, मेलेली भूक यांत जंतूपेक्षा त्याच्याशी झुंजणाऱ्या पेशींचा हात मोठा. त्या जी रसायनं सोडतात त्यांनी अंग तापतं आणि मांस झडतं. झिजवण्याचं बरंचसं काम शरीर स्वतःच करतं म्हणायचं. जंतू रक्तावाटे मणक्यात जाऊन बसला तर मणका खचून कुबड येतं, मानेच्या गाठींत बसला तर गंडमाळा होतात. कुबड आलेला मुलगा आणि खोकणारा बाप एकाच रोगाचे रोगी आहेत हे कित्येक पिढ्यांना कळण्यासारखंच नव्हतं.

तर औषध नसताना डॉक्टरांच्या हातात उरली ती फक्त भिंत. तिला टेकू द्यायचा. विश्रांती, सकस खाणं, उघडी हवा. जर्मन डॉक्टर हेरमान ब्रेमर यांनी १८५०च्या दशकात डोंगरात अशी आरोग्यधामं सुरू केली, आणि ती कल्पना जगभर गेली. भारतात अजमेरजवळ तिलोनियाला १९०६ मध्ये, अलमोड्याला १९०८ मध्ये.

पाचगणी त्यासाठी जणू तयारच होती. जॉन चेसन यांनी १८६०च्या दशकात वसवलेलं हे ठिकाण साडेचार हजार फुटांच्या आत-बाहेर, पण महाबळेश्वरच्या पूर्वेला पावसाच्या आडोशाला. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगं नसतं. पाचगणीत माणूस बारा महिने राहू शकतो. क्षयाच्या रोग्याला बारा महिनेच राहायचं असायचं. १९१२ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी इथं बेल-एअर आरोग्यधाम काढलं. मोठ्या खिडक्या, उघडे व्हरांडे, खाट उन्हात. दिवसभर पडून राहायचं, दूध-अंडी खायची, तापाची नोंद ठेवायची. आपल्याकडे ‘हवापालटाला गेलाय’ असं म्हटलं की पुढं काही विचारायचं नाही, हा संकेत तेव्हाचा. घरात लग्नाची मुलगी असेल तर तेवढंही कुणी बोलत नसे.

अर्थात पसरणीचा घाट चढून हवा बदलणं सगळ्यांना परवडत नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीच्या खालोखाल नाव घ्यावं असा मनुष्यपुरवठा सातारा जिल्ह्यानं केला, आणि तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचाही मोठा भाग होता. माण, खटाव, खानापूर, आटपाडीचा गडी दुष्काळात गिरणीत जायचा, चाळीच्या एका खोलीत दहा-बारा जणांत पाळीनं झोपायचा. छाती बिघडली की काम सुटायचं आणि तो घरी यायचा. त्याचाही हवापालटच, फक्त उलट्या दिशेचा. गावात एकखणी घर, एक दार, चूल आतच. भिंतीला टेकू द्यायला ना दूध ना अंडी. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीनं देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रोगी आणि दरवर्षी ५ लाख मृत्यू धरले. रुग्णालयांत त्यांच्यासाठी खाटा होत्या सुमारे ६,०००.

मिरजेची वाट थोडी निराळी. कॅनडातून आलेले मिशनरी सर्जन विल्यम वॉनलेस यांचं इस्पितळ १८९४ मध्ये मिरजेत उभं राहिलं, आणि शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून माणसं मिरजेला यायला लागली. सांगली-मिरज रस्त्यावर क्षयासाठी वेगळं आरोग्यधाम झालं. त्या वस्तीला आजही वॉनलेसवाडी म्हणतात. इथं डोंगर नाही, थंडी बेताची, पण हवा कोरडी.

नुसत्या विश्रांतीनं भागत नाही म्हटल्यावर त्या काळातले सर्जन आजारी फुप्फुसालाच सक्तीची विश्रांती देऊ लागले होते. सुईनं छातीची भिंत आणि फुप्फुस यांच्यामध्ये हवा भरायची, की फुप्फुस मिटतं, पोकळी दबते. ही हवा शोषली जाते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा भरायची, असं वर्षानुवर्षं. त्यानंही जमलं नाही तर एका बाजूच्या बरगड्या काढून छातीच आत बसवायची. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण पोकळी मिटली की जंतूंचा प्राणवायू आटतो, हा हिशेब चुकीचा नव्हता.

मग औषधं आली आणि फार भराभर आली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आलं. एकच औषध दिलं तर जंतू त्याला सरावतो हेही लगेच कळलं, म्हणून दोन-तीन मिळून द्यायची पद्धत पडली. आता प्रश्न असा, की गोळ्या आहेत तर खाट हवी कशाला? त्याचं उत्तर मद्रासमध्ये मिळालं. तिथल्या १९३ गरीब रोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवलं, काहींना गर्दीच्या घरीच. औषधं सारखी. घरी ठेवलेल्या रोग्यांना खाणं कमी, विश्रांती जवळपास नाही. १९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: वर्षअखेरीस दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि घरातल्या माणसांना जास्त लागण झाली असंही नाही. पुढं १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम याच पायावर बेतला गेला. हवापालटाची गरज तिथं संपली. तो निकाल मुख्यतः आमच्या माण-खटावच्या माणसासाठी होता असं मला वाटतं; पाचगणीत पोचणाऱ्यांचं तसंही बरं चाललं होतं.

पाचगणीचं बेल-एअर रेडक्रॉसकडे गेलं आणि पुढं एचआयव्ही झालेल्यांची काळजी घेणारं ठिकाण झालं. हा निव्वळ योगायोग नाही. क्षयाच्या गाठीभोवतीची भिंत ज्या पेशींच्या जोरावर उभी असते, त्याच पेशी एचआयव्ही मारतो. म्हणून वर्षानुवर्षं कोंडलेला जंतू या रोग्यांत मोकळा होतो. सांगली जिल्हा तर एकेकाळी एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत गणला जायचा. मधुमेहातही भिंत कच्ची होते, फक्त सावकाश.

आणि दूध-अंड्यांचं काय? मद्रासच्या निकालानंतर ती गोष्ट जवळपास अडगळीत गेली होती. २०२३ मध्ये झारखंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. रोग्याच्या घरच्या माणसांना पुरेसा शिधा दिला, तर त्यांच्यात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. खुद्द रोग्यांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यू कितीतरी कमी. गोळ्या रोग्याला बरं करतात, पण शेजारच्या अंथरुणावरच्याची भिंत टिकते ती ताटातल्या अन्नावर. सरकार २०१८ पासून रोग्याच्या खात्यावर पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये टाकत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. आणि थुंकी तपासून गोळ्यांचा कोर्स सुरू करताना आरोग्य केंद्रातली सिस्टर रोग्याला आधी वजनकाट्यावर उभं करते.