छत्तीस इंची चाक घेताय? मग क्रँक आणि टायर एकत्रच ठरवा

युनिसायकल म्हणजे एकाच चाकाची सायकल, तिला चेन नाही, गिअर नाही, फ्रीव्हील नाही. पेडल एकदा फिरलं की चाक एकदा फिरतं, पेडल थांबलं की चाक थांबतं, आणि चाक एकदम थांबलं तर वरचा माणूस कुठे जातो ते सांगायला नको. म्हणून लोकांना वाटतं यात निवडायचं काय, मोठं चाक घ्या, जास्त पळेल, विषय संपला. पण ३६ इंची चाक मागवायला बसलं की लगेच दोन प्रश्न येतात, क्रँक (पेडल चाकाच्या मध्याला जोडणारे दांडे) किती एमएमच्या आणि टायर कोणतं, आणि बहुतेक जण ही दोन वेगळी खरेदी समजतात. माझं म्हणणं असं की ही खरेदी एकच आहे, कारण एकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर येते.

हे सगळं डोक्यात यायचं कारण माझा भाचा. इथे इंदूरला सुपर कॉरिडॉरवर सकाळी सकाळी सायकलवाल्यांची गर्दी असते, त्यात याला २० इंची युनिसायकलवर बदकासारखं तुरुतुरु जायचा कंटाळा आला आणि याने ठरवलं आता ३६ इंची. मला फोन, "मामा, १०० च्या क्रँक घेऊ ना? स्पीड भरपूर येतो म्हणतात." स्पीड येतो हे खरंच आहे, पण कशाच्या बदल्यात ते बघू.

३६ इंची चाकाचा परीघ साधारण २.८७ मीटर. मिनिटाला १०० फेरे मारले तर ताशी १७ किलोमीटर, १२० मारले तर साडेवीसच्या वर. हा हिशोब क्रँकवर अवलंबून नाही, चाक तेवढंच जाणार. क्रँकने काय बदलतं तर तुमचा पाय किती मोठ्या गोलात फिरतो आणि किती जोर लावावा लागतो. १५० एमएमच्या क्रँकवर १०० फेऱ्यांना तळपाय सेकंदाला जवळजवळ १.६ मीटर धावतो, १०० च्या क्रँकवर १ मीटरच्या थोडा वर. लांब क्रँकवर तुम्ही १२० फेरे मारायला गेलात की गुडघे वर खाली, कंबर सीटवर उड्या मारायला लागते आणि चाक डावीउजवीकडे नागमोडी जातं, कारण प्रत्येक पेडलदाब चाकाला थोडं वळवतो. छोट्या क्रँकवर तेच फेरे गुळगुळीत पडतात. म्हणजे स्पीड येतो तो क्रँकमुळे थेट नाही, पाय भरभर फिरवणं जमतं म्हणून.

आता गिअर नाही म्हणतो ना आपण, तर एक सोपा आकडा काढा, चाकाची त्रिज्या भागिले क्रँकची लांबी. शेल्डन ब्राउन नावाचा एक अमेरिकन सायकल मेकॅनिक होता, त्याने या आकड्याला गेन रेशो नाव दिलं. पेडल एक सेंटिमीटर सरकलं तर गाडी किती सेंटिमीटर जाते, एवढाच अर्थ. ३६ इंचीवर १५० ची क्रँक असेल तर हा आकडा ३.०५ येतो, १२५ ला ३.६६, ११४ ला ४ आणि १०० ला ४.५७. भाचा ज्या २० इंचीवर १२५ लावून शिकला तिथे हा आकडा फक्त २ आहे. साध्या गिअरच्या सायकलला पुढे ४२ दात, मागे २१ आणि १७० च्या क्रँक धरल्या तर ३.९ च्या आसपास. म्हणजे ३६ वर ११४ लावणं हे सायकलच्या मधल्या गिअरवर कायम अडकून बसण्यासारखं आहे, चढ असो उतार असो, आणि वर तोल पण सांभाळायचाय.

चेन नसलेल्या काळात सायकलवाले हेच करत होते. १८७० च्या दशकातली ती पेनी फार्दिंग, पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं, तिचं चाक तुमचे पाय पुरतील तेवढं मोठं घ्यायचं कारण मोठं चाक हाच गिअर. थॉमस स्टीव्हन्स असल्याच एका ५० इंची सायकलवर १८८४ ते १८८६ मध्ये जगभर फिरला आणि आपल्याकडे ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंत गेला, तेही भरीव रबराच्या टायरवर, कारण डनलॉपचं हवेचं टायर आलंच १८८८ ला. चेनची सेफ्टी सायकल आली आणि मोठी चाकं अडगळीत गेली. पुन्हा आली ती १९९० च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेत चॅटनूगाला कोकर नावाची जुन्या मोटारींची टायरं करणारी कंपनी आहे, त्यांनी ३६ इंची सायकलचं टायर काढलं आणि युनिसायकलवाल्यांनी ते उचललं. एड प्रॅट नावाचा इंग्रज पोरगा २०१५ ते २०१८ मध्ये ३६ इंची युनिसायकलवर जग फिरून आला, तेव्हा हे सर्कशीचं खेळणं नाही हे तर नक्की.

असो. आता उतार. इंदूर म्हणजे सपाट असं बाहेरच्यांना वाटतं, पण आपण पठाराच्या काठावर बसलोय, सिमरोलच्या पुढे भेरूघाट सुरू झाला की कळतं. ५ टक्क्यांचा उतार धरा, माणूस ७५ किलो, गाडी ८ किलो. उतार चाकाला सतत ४१ न्यूटनने पुढे ढकलतो. ते रोखायला तुमच्याकडे पायच आहेत, पेडल उलटं दाबून. १५० च्या क्रँकवर सरासरी साडेबारा किलोचा दाब द्यावा लागेल, १२५ वर १५ किलो, १०० वर १९ किलो. ही सरासरी झाली, प्रत्यक्षात पूर्ण फेऱ्यात दाब देता येत नाही, पेडल वर खाली उभे असतात तेव्हा काहीच लागत नाही, म्हणजे मधल्या भागात याच्या कितीतरी जास्त. मांड्या भरून येतात आणि त्या थकल्या की वेग हाताबाहेर. म्हणून मी भाच्याला स्पष्ट सांगितलं, ब्रेक नाही तर १०० नाही. मोठ्या युनिसायकलला सीटखाली लिव्हर असलेला रिम ब्रेक किंवा डिस्क ब्रेक लावतात, आणि तो लावला की छोट्या क्रँकचा निम्मा धोका कमी होतो कारण रोखण्याचं काम पायांकडून जातं.

इथे टायरचा प्रश्न येतो, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

३६ चं टायर, ट्यूब, रिम मिळून ३ किलो धरा. कागदावर हिशोब केला तर रिमवरचं वजन वेग घेताना दुप्पट मोजायचं, एकदा पुढे जायला आणि एकदा गोल फिरायला. तरी ८३ किलोत ३ किलो जास्तीचे म्हणजे साडेतीन टक्के, मग टायर अर्धा किलो हलकं घेतलं तर काय फरक पडणार? पण चालवणारा प्रत्येक जण शपथेवर सांगतो की फरक पडतो, आणि खूप पडतो. कोण खोटं बोलतंय? कोणीच नाही. तळहातावर काठी उभी धरून बघा. काठी पुढे कलली की तुम्ही हात झटकन पुढे नेता, त्या क्षणी काठीचं वरचं टोक जवळपास तिथेच राहतं, हलतो फक्त हात. युनिसायकलवर तसंच, शरीर वर जड आणि आळशी, तोल सावरायला जे झटकन पुढे मागे करायचं ते खालचं चाक. म्हणजे या बारीक बारीक दुरुस्त्यांमध्ये ८३ किलो नाहीतच मुळी, चाकाचंच वजन आहे, आणि तेही रिमवरचं दुप्पट होऊन. अर्धा किलो टायर तिथे साडेतीन टक्क्यांत नाही, मोठ्या हिश्श्याने जाणवतं. आणि हा झटका द्यायचा कुठून? क्रँकवरून. छोटी क्रँक म्हणजे तेवढ्याच पायाच्या जोरात कमी झटका. जड टायर आणि छोटी क्रँक एकत्र आली की तोल गेला हे तुम्हाला कळतं पण चाक वेळेत पोचत नाही.

पण जड टायर नुसताच खलनायक आहे असं नाही हं. पेडल उभ्या रेषेत असतात ती जागा प्रत्येक फेऱ्यात दोनदा येते, तिथे पायाचा जोर शून्य कामाचा. तिथून पुढे नेतं ते चाकाचं स्वतःचं फिरणं. जड चाक ही जागा ओलांडून घेऊन जातं, सपाट रस्त्यावर एकदा लय लागली की जड टायर आणि ११४ ची क्रँक हे जोडपं मस्त चालतं, अगदी तरंगल्यासारखं. फक्त चौकात गाय आडवी आली की समजतं. इंदूरची गर्दी बघता मी हलक्या टायरच्या बाजूने आहे, लांब मोकळ्या हायवेवाल्याचं मत वेगळं असू शकतं.

टायरचा आकार आणि हवा हे वजनाइतकंच महत्त्वाचं. रुंद, चपट्या माथ्याचं टायर कमी हवेत गुबगुबीत लागतं, पण रस्ता एका बाजूला उतरता असला (आपले सगळेच असतात, पाणी वाहून जावं म्हणून) की ते एका बाजूला ओढतं आणि तुम्ही मैलभर कंबर पिळून चालवता. गोल माथ्याचं टायर कमी ओढतं आणि वळायलाही सोपं. हवा थोडी वाढवली तरी ओढ कमी होते, पण फार वाढवली की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात, कारण सगळं वजन एकाच टायरवर आहे, सायकलसारखं दोघांत वाटलेलं नाही. मोठ्या चाकाचा फायदा मात्र इथे दिसतो. ५ सेंटिमीटरची सरळ पायरी २० इंची चाकाला ३७ अंशांच्या कोनात अडवते, ३६ इंचीला २७ अंशांतच. स्पीडब्रेकरवर हा फरक बुडाला कळतो. नक्षी म्हणाल तर रस्त्यासाठी बारीक नक्षीचं घ्या, नाइटरायडरसारखं. गुठळीवालं घेऊन पावसाळ्यात शेताकडे गेलात तर माळव्याची काळी माती गुठळ्यांमध्ये भरते, मग टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबतं.

एक फसवणूक मात्र सांगतोच. काहींना वाटतं ३६ महाग आहे तर घरच्या काळ्या सायकलचं २८ इंची चाक वापरून स्वतःच बनवू, आणि टायर २९ चं बघू, एवढ्याने काय होतं. आपल्या २८ x १½ च्या रिमचा टायर बसायचा व्यास ६३५ एमएम आहे आणि २९ इंचीचा ६२२. म्हणजे २८ वालं रिम २९ पेक्षा १३ एमएमने मोठं! टायरवरचा इंचाचा आकडा बाहेरच्या व्यासाचा, तोही जुन्या हिशोबाचा, त्यावर विश्वास ठेवायचा नाही, बाजूला छापलेला एमएमचा आकडा वाचायचा. ३६ साठी तो ७८७ असतो. शिवाय त्या सायकलच्या क्रँक कॉटर पिनवर, म्हणजे पाचरीसारख्या ठोकलेल्या खिळीवर, असतात, युनिसायकलवर जोर पुढेही आणि मागेही येतो, पिन थोड्याच दिवसांत खडखड करायला लागते. भाच्याने आधी हाच प्रयोग करायला घेतला होता. आमच्या गल्लीतला मेकॅनिक त्या फ्रेमकडे बघत म्हणाला, "भिया, इसमें चेन कहाँ लगेगी?" चेन लागत नाही म्हटल्यावर त्याने पाना खाली ठेवला, पण पेडलबद्दल त्याने सांगितलं ते सोळा आणे बरोबर होतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, डावं ते डावीकडेच लागलं पाहिजे. सीट फिरवून युनिसायकल उलट्या बाजूने चालवली की पेडल हळूहळू उकलायला लागतात आणि क्रँकचे आटे कायमचे खाऊन टाकतात.

मग शेवटी काय घ्यायचं? पाय लांब नसतील तर एक छोटी गोष्ट आधी लक्षात घ्या, छोट्या क्रँकवर पेडल खाली कमी जातं, १५० वरून ११४ वर आलात तर ३६ एमएम कमी, तेवढी सीट पायांच्या आवाक्यात येते. ते सोडलं तर पहिल्यांदा ३६ घेणाऱ्याने १५० किंवा १४० च्या आसपासच्या क्रँकवर सुरुवात करावी, चढून बसणं शिकावं, थांबणं शिकावं, मग १२५. दोन भोकांच्या क्रँक मिळतात, पेडल काढून दुसऱ्या भोकात लावलं की लांबी बदलली, त्या थोड्या महाग पडल्या तरी घ्याव्या. टायर सुरुवातीलाच हलकं आणि गोल माथ्याचं घ्या, कारण क्रँक पुढे बदलता येते पण ३६ चं टायर पुन्हा मागवणं म्हणजे डोकेदुखी आणि कस्टमचा खर्च वेगळा. भाच्याने अखेर १२५/१५० च्या दोन भोकांच्या घेतल्या, ब्रेकसकट. १०० चं नाव अजून निघतं अधूनमधून.

आणि टायर आल्यावर व्हॉल्वसमोर खडूने एक खूण करून ठेवा. क्रँक चाकाला पक्क्या बसवलेल्या असतात त्यामुळे तुम्ही चढताना, थांबताना, जागच्या जागी वळताना टायरची तीच एक जागा रस्त्याला घासते. तिथली नक्षी आधी जाते, बाकी टायर नवंकोरं. अधूनमधून हवा काढून टायर रिमवर थोडं सरकवून बसवलं, पाव फेरा पुरे, की तेच टायर बरंच जास्त चालतं.