इन्सुलिन टोचलं की लगेच साखर उतरते?

नाशिकमध्ये रविवारी घरीच इन्सुलिन टोचून मखमलाबादकडे मिसळ खायला निघणारे बरेच. समज एकच: सुई लागली की साखर उतरायला लागते. तसं नाही, कुठलं इन्सुलिन आहे त्यावर सगळं ठरतं.

साधं, पाण्यासारखं स्वच्छ रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासाने सुरू होतं, 2 ते 4 तासांत जोरात असतं आणि 6 ते 8 तास टिकतं. म्हणून ते जेवणाआधी 30 मिनिटं. अस्पार्ट, लिस्प्रो ही झटपट चालणारी इन्सुलिनं 10-15 मिनिटांतच लागू पडतात. ते घेऊन मिसळीच्या रांगेत तासभर उभं राहिलात तर घाम, थरथर ठरलेली. साखर 70च्या खाली दिसली तर 3 चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

ग्लार्जिन या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचं गणितच वेगळं. ते दिवसभर संथ चालतं, डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला 2 ते 4 दिवस जातात. रोज युनिट वाढवणं म्हणजे घाई.

सर्वांत घातक चूक म्हणजे तासाभरात आकडा उतरला नाही म्हणून दुसरा डोस. पहिला अजून अंगात असतो. दोन्हींचा जोर एकदम होऊन साखर फार खाली जाते. पोटावर टोचलेलं मांडीपेक्षा लवकर शोषलं जातं, हेही लक्षात ठेवा.