कॅथलिक चर्चचे परदेशी मदतकार्य

दुष्काळ, युद्ध, भूकंप यांसारख्या संकटांत तातडीची मदत, त्यानंतर शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण यांची दीर्घकालीन कामे आणि अन्यायाविरुद्ध जनमत उभे करणे, असे कॅथलिक चर्चच्या परदेशी मदतकार्याचे स्वरूप आहे. धर्मप्रसारापासून ते वेगळे ठेवले जाते. प्रेमाचे काम इतर हेतू साधण्याचे साधन होऊ नये, असे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या परिपत्रकात लिहिले आहे.

जर्मनीत फ्रायबुर्गच्या लोरेन्झ वेर्टमान या धर्मगुरूंनी १८९७ साली कारितास ही संघटना बांधली. १९५१ मध्ये अशा राष्ट्रीय संघटनांचा कारितास इंटरनॅशनालिस हा महासंघ झाला. आज त्याचे दीडशेहून अधिक सदस्य आहेत. व्हॅटिकनमधून सर्वांना हुकूम सुटतात असा समज असला, तरी प्रत्यक्षात प्रत्येक देशातली संस्था तिथल्या बिशपांच्या परिषदेला बांधील असते. याच रचनेत या कामाचे बळ आहे. पूर आला की बाहेरचे पथक पोचण्याआधी गावातले चर्च, शाळा आणि दवाखाना तिथे असतातच.

अमेरिकी बिशपांनी १९४३ मध्ये युद्धग्रस्तांसाठी संस्था काढली. तीच पुढे कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस (सीआरएस) झाली. जर्मनीत कोलोनचे कार्डिनल योझेफ फ्रिंग्स यांनी १९५८ मध्ये फुल्डा येथे मिझेरिओर या मदतसंस्थेची कल्पना मांडली. भुकेल्यांना मदत करायची आणि सत्ताधाऱ्यांच्या सद्सद्विवेकालाही हात घालायचा, अशी दोन्ही कामे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली. इंग्लंडमध्ये सुरुवात बायकांनी केली. कॅथलिक महिला संघटनांनी १९६० मध्ये एक दिवस उपवास करून डॉमिनिका बेटावरच्या माता-बाल दवाखान्यासाठी पैसे जमवले. त्यातून १९६२ मध्ये काफोड ही मदतसंस्था उभी राहिली. आयर्लंडची अशीच संस्था ट्रोकेरे १९७३ ची.

पैशाचा एक मोठा झरा म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे १९७५ मध्ये भाताच्या वाडग्यासारखी पुठ्ठ्याची पेटी घरोघर देण्यात आली. ती जेवणाच्या टेबलावर असते. एखाद्या वेळचे जेवण साधे करायचे किंवा सोडायचे, वाचलेली नाणी तीत टाकायची आणि उपवासकाळ संपला की पेटी चर्चमध्ये नेऊन द्यायची. सीआरएसने ही योजना देशभर नेली. जमलेल्या रकमेचा चौथा हिस्सा त्याच धर्मप्रांतातल्या (एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागातल्या) गरजूंसाठी राहतो.

वैचारिक वळण दिले ते पोप सहावे पॉल यांच्या १९६७ च्या परिपत्रकाने. विकास हेच शांततेचे नवे नाव, असे त्यात म्हटले होते. व्यापाराच्या अटी मुळातच असमान असतील, तर नुसते दान पुरणार नाही, ही त्यातली भूमिका अनेक श्रीमंत भाविकांना झोंबली.

त्याच वर्षी नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रा या पूर्वेकडच्या प्रदेशाचे सरकारशी युद्ध पेटले. वेढ्यात अडकलेली मुले उपासमारीने मरू लागली, तेव्हा कारितास आणि प्रोटेस्टंट संस्थांनी मिळून नायजेरियाच्या सरकारची परवानगी नसताना साओ टोमे बेटावरून विमाने सोडली. हल्ल्याच्या भीतीने ती रात्रीच जात. बियाफ्रातल्या उली येथे रुंद केलेल्या हमरस्त्यावरचे दिवे विमान टेकण्यापुरते लागत आणि लगेच विझत. १९७० पर्यंत पाच हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या, विमाने कोसळली, वैमानिक मारले गेले. असंख्य जीव वाचले, हे खरेच. मात्र या मदतीने हरत आलेली बाजू तग धरून राहिली आणि युद्ध लांबले, हा आक्षेपही निकाली निघालेला नाही. मदतीला राजकारण चिकटत नाही असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर तपासावे.

गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी नव्वदच्या दशकात झालेल्या जागतिक मोहिमेत या संस्था आघाडीवर होत्या. गर्भनिरोधनाबाबतच्या चर्चच्या भूमिकेमुळे, विशेषतः एड्सविषयक कामात, त्यांच्यावर सातत्याने टीका झाली. कारभारातही दोष निघाले. कारितास इंटरनॅशनालिसच्या मुख्यालयातील व्यवस्थापनावर बोट ठेवणारा अहवाल आल्यावर पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचे सगळे नेतृत्व हटवून प्रशासक नेमला.

सरकारी पैशावरचे अवलंबित्व हा तर जुनाच प्रश्न. सीआरएसच्या अंदाजपत्रकाचा जवळपास निम्मा भाग अमेरिकी सरकारच्या यूएसएड या संस्थेकडून येत असे. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ती मदत गोठवली आणि सीआरएसला कर्मचारी कमी करून अनेक कार्यक्रम गुंडाळावे लागले.