आंतर्द्रव्यजालिका

दृश्यकेंद्रकी, म्हणजे स्पष्ट केंद्रक असलेल्या, पेशींच्या पेशीद्रव्यात पसरलेले पटलांचे जाळे. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम हे तिचे दुसरे रूढ नाव. शालेय आकृत्यांत ती केंद्रकाशेजारी रचून ठेवलेल्या चार-पाच वळकट्यांसारखी दिसते आणि तिचा पसारा तेवढाच असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात केंद्रकाच्या बाहेरच्या पटलाशी जोडलेले हे जाळे चपट्या पिशव्या आणि बारीक नलिकांच्या रूपाने थेट पेशीच्या कडेपर्यंत पोचते. पिशव्या-नलिका असंख्य, पण आतली पोकळी सलग, एकच. सर्वसाधारण प्राणिपेशीतल्या एकूण पटलांपैकी निम्म्याहून अधिक पटल या एकट्या अंगकाचे (पेशीतल्या घटकाचे) असते. जीवाणूंमध्ये ती नसते. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशींतही नसते.

कीथ पोर्टर, आल्बेर क्लोद आणि अर्नेस्ट फुलम यांनी १९४५ साली कोंबडीच्या भ्रूणातील अखंड पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा लेससारखी ही नक्षी प्रथम दिसली. ती पेशीच्या आतल्या भागात, म्हणजे आंतर्द्रव्यात, आढळली म्हणून हे नाव पडले. पुढे जाळे कडेपर्यंत असल्याचे कळले, तरी नाव तेच राहिले.

पटलाच्या बाहेरच्या बाजूला रायबोझोम, म्हणजे प्रथिने विणणारे सूक्ष्म कण, चिकटलेले असतील तर तो भाग खडबडीत, नसतील तर गुळगुळीत. ही दोन वेगळी अंगके नव्हेत. एकाच पटलाचे हे दोन प्रदेश. स्वादुपिंडाच्या पेशींत खडबडीत भाग भरपूर, तर वृषणातील संप्रेरक बनवणाऱ्या पेशींत गुळगुळीत भाग अधिक.

खडबडीत भागाचे काम इन्सुलिनच्या उदाहरणाने नीट कळते. इन्सुलिन या प्रथिनाची मूळ साखळी ११० अमिनो आम्लांची. रायबोझोम ती पेशीद्रव्यात विणू लागतो. सुरुवातीची २४ अमिनो आम्ले हा संकेतखंड असतो. तो ओळखला गेला की रायबोझोम जालिकेवर आणून टेकवला जातो आणि साखळी पटलातल्या छिद्रातून आत सरकते. संकेतखंड तिथेच कापला जातो. प्रथिनांच्या या अंगभूत संकेतांच्या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आत साखळीला घडी पडते आणि गंधकाचे ३ बंध तिला पक्की करतात. असे बंध पेशीद्रव्यात सहसा टिकत नाहीत. जालिकेच्या पोकळीतले रासायनिक वातावरण त्यांना मानवते. घडी जमली की माल पुटिकांतून, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्यांतून, गॉल्गी पिंडाकडे, म्हणजे प्रथिनांची पुढची वाटणी करणाऱ्या अंगकाकडे, रवाना होतो. बिघडलेली साखळी मात्र पुन्हा पेशीद्रव्यात ओढून तोडून टाकतात. ही तपासणी कधी गरजेपेक्षा कडक ठरते: सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या सर्वांत सामान्य उत्परिवर्तनात (जनुकातील बदलात), थोडेफार काम करू शकणारे प्रथिनही इथेच अडवले जाते.

गुळगुळीत भागात मेद आणि स्टेरॉइड संप्रेरके तयार होतात. स्नायूंमध्ये तो कॅल्शियमचा साठा सांभाळतो. चेतासंदेश आला की कॅल्शियम बाहेर सुटते, स्नायू आकुंचन पावतो, मग ते ऊर्जा खर्चून परत आत खेचले जाते.

यकृतात हाच भाग आपल्या विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, मदतीने औषधे आणि विषारी द्रव्ये पाण्यात विरघळतील अशा रूपात आणतो. फिट येऊ नये म्हणून दिले जाणारे फेनोबार्बिटल काही दिवस घेतले, तर यकृतपेशींतली गुळगुळीत जालिका दुपटीपर्यंत वाढू शकते. औषध थांबले की जादा पटल पेशी स्वतःच पचवून टाकते. वाढलेली विकरे मात्र फेनोबार्बिटलपुरती थांबत नाहीत, इतर औषधांचाही झपाट्याने फडशा पाडतात. म्हणूनच ते चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा उरत नाही.