मनोरंजन (जुन्या मराठी वृत्तपत्रांतील संज्ञा)

मन रमविणे, मनाला आनंद देणे या अर्थाचा संस्कृत सामासिक शब्द. मराठी वृत्तपत्रांच्या आरंभकाळात त्याची व्याप्ती आजच्यापेक्षा मोठी होती. बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत 6 जानेवारी 1832 रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’ने आपले तीन हेतू सांगितले होते: लोकांचे मनोरंजन करणे, ‘चालते काळाची वर्तमाने’ कळविणे आणि योग्यतेस येण्याचे मार्ग दाखविणे. मनोरंजनाचा मान पहिला आणि बातमीचा त्यानंतरचा, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

व्युत्पत्ती : ‘रंजन’ हे रञ्ज् या धातूपासून आले. त्याचा मूळ अर्थ रंगणे, रंगविणे. त्यावरून आसक्त होणे, प्रसन्न होणे. रंग, राग, रक्त, अनुराग, विरक्त हे शब्द याच धातूचे. ‘राजा प्रकृतिरञ्जनात्’ या ‘रघुवंशा’तील प्रसिद्ध वचनात कालिदासाने ‘राजा’ शब्दही याच धातूशी जोडला आहे; भाषाशास्त्रदृष्ट्या मात्र तो शोभणे, राज्य करणे या अर्थाच्या राज् धातूचा धरणे अधिक योग्य.

खरी अडचण मराठीतील ‘रंजणे’ या क्रियापदाची आहे. तुकारामांच्या ‘जे का रंजले गांजले’ या चरणात त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे पीडित होणे, त्रासणे असा आहे. हे रूप संस्कृत रञ्ज् वरून अर्थ पालटून आले, की दुःख, कष्ट या अर्थाच्या फारसी ‘रंज’ वरून, याविषयी दोन्ही बाजूंनी तर्क करता येतो. प्रसन्नतेपासून पीडेपर्यंतची अर्थाची वाटचाल समजावून देणे कठीण. उलट सतराव्या शतकातील मराठीत फारसी शब्दांचा भरणा मोठा होता. त्यामुळे फारसी मूळ अधिक संभाव्य वाटते. मनोरंजन, जनरंजन अशा समासांत संस्कृत अर्थच कायम राहिल्याने वाचकाचा घोटाळा होत नसावा. मौज (अरबी, मूळ अर्थ लाट) आणि मजा (फारसी, मूळ अर्थ चव) हे शब्द बोलण्यात रुळलेले असताना नव्या छापील गद्याने भारदस्त संस्कृत शब्द पुढे केला, हे त्या गद्याच्या एकूण वळणाला धरूनच होते.

वृत्तपत्रांतील आरंभ : 1828 मध्ये ‘मुंबापूर वर्तमान’ नावाचे पत्र निघाल्याचे उल्लेख सापडतात, पण त्याचे अंक उपलब्ध नाहीत. म्हणून ‘दर्पण’मधील वापराला ‘मराठी वृत्तपत्रातील पहिला’ म्हणण्याऐवजी उपलब्ध साधनांतील आरंभीचा म्हणणे बरे. ‘दर्पण’ मराठी व इंग्रजी अशा दोन स्तंभांत छापले जाई. प्रथम पाक्षिक, त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून साप्ताहिक. ते 1840 च्या मध्यास बंद पडले.

तेथील मनोरंजनाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक, वर्गणीदार टिकविण्यासाठी दिलेला हलकाफुलका मजकूर. दोन, नव्या माहितीने जिज्ञासा जागी होऊन मनाला मिळणारा आनंद. दुसरा अर्थ जांभेकरांच्या एकंदर कार्याशी अधिक जुळतो. त्यांनी 1840 मध्ये काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असेच विषय आहेत. (बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी 1818 मध्ये काढलेल्या बंगाली नियतकालिकांची नावेही ‘दिग्दर्शन’ आणि ‘समाचार दर्पण’ अशीच होती.) हेतूंच्या यादीत मनोरंजनाच्या जोडीला ‘योग्यतेस येणे’ यावे, याचा उलगडाही याच अर्थाने होतो.

पुढील वापर : भाऊ महाजन यांचे ‘प्रभाकर’ (1841) आणि पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ (1849) यांच्या काळात पत्रांचा भर लोकशिक्षण व वादविवाद यांवर राहिला. शतकाच्या अखेरीस मात्र मनोरंजन हा स्वतंत्र व्यवसाय झाला. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये पुण्यात साप्ताहिक काढताना ‘करमणूक’ हे नाव घेतले; ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः आली. बालविधवेची ही कहाणी ‘करमणूक’ नावाखाली छापली गेली, यावरून त्या शब्दाचीही लवचीकता कळते. ‘करमणे’ हे क्रियापद ‘काळ क्रमणे’ यातील क्रमणेशी निगडित असावे. तसे असल्यास करमणूक म्हणजे मुळात वेळ घालविणे, आणि मनोरंजनातील रंगण्याची छटा तिच्यात नाही.

1895 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र (मूळ आडनाव आजगावकर) यांनी ‘मनोरंजन’ नावाचेच मासिक काढले आणि 1909 मध्ये त्याचा दिवाळी अंक प्रसिद्ध केला. कथा-कवितांच्या या मासिकानंतर शब्दाचा अर्थ ललित वाचनाकडे अधिक झुकला. नाटकांच्या, पुढे चित्रपटांच्या जाहिरातींत ‘खेळ’ हा साधा शब्दच चालू राहिला. कायद्याच्या मराठीने ‘करमणूक’ स्वीकारली. 1923 च्या मुंबई इलाख्याच्या अधिनियमातील आकारणी ‘करमणूक शुल्क’ म्हणूनच ओळखली जाई.